पडलेली घार कुठं न्यायची?

११ केव्हीच्या खांबाखाली घार पडलेली दिसली की माणसं गोळा होतात. कुणी तिच्या चोचीत पाणी सोडतं, कुणी दुधात भाकरी कुस्करून आणतं. कुणी पंख ताणून बघतो, मोडलाय की नाही. प्रत्येकाच्या मनात दयाच असते, आणि तरी यातली प्रत्येक गोष्ट त्या पक्ष्याला मरणाजवळ नेते. घारीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं, त्यामुळं चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात उतरू शकतं. दूध तिच्या पोटाला पचत नाही. ताणलेल्या पंखातलं मोडकं हाड कातडी फाडून बाहेर येतं, आणि बाहेर आलेलं हाड वाळलं की तो पंख बहुधा कायमचा गेला.

यावर जो इलाज आहे तो शिकायला दहा मिनिटं पुरतात. जाड टॉवेल टाकून पक्षी मागून धरायचा. पाय आधी आवळायचे, कारण इजा चोचीपेक्षा नख्यांनी होते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, तळाला कापड अंथरून त्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि खोकं अंधारात, शांत जागी ठेवायचं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही. मग १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करायचा. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. ते खोकं न्यायचं कुठं?

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव. भोवतालच्या शिवारात ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन, जमेल तिथं ऊस. मधून मधून माळ आणि बाभळी, आणि सगळ्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा. शिकारी पक्ष्यांना मानवणारा हा मुलूख आहे. घार, कापशी घार, शिक्रा, पिंगळा, गव्हाणी घुबड हे बारमाही रहिवासी. सापमार गरुड माळावर एका जागी पंख फडफडवत तरंगताना दिसतो. दगडी घळीत आणि ओढ्याकाठच्या दरडीत शृंगी घुबड राहतं. हिवाळ्यात भोवत्या कुळातले पक्षी मध्य आशियातून उतरतात, गवतावरून अगदी खालून उडत टोळ आणि उंदीर टिपतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर झोपतात. दक्षिणेला सोलापूरकडं नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, वायव्येला येडशी रामलिंग घाटाचं सुमारे २२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. याच येडशीत २०२४ च्या डिसेंबरात विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत आला, तेव्हा कुठं पुष्कळांना कळलं की धाराशिवच्या माळाला अजून जंगली प्राण्यांच्या वाटा ठाऊक आहेत.

इथं जखमी झालेल्या पक्ष्यासाठी जवळचा आधार म्हणजे तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. तिथले डॉक्टर गाय, म्हैस, शेळी बघतात. त्यांचं शिक्षण आणि दिवसभराची रांग दोन्ही त्याच जनावरांसाठी आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारे अनुभवी हात पुण्यात आहेत, म्हणजे रस्त्यानं सुमारे २५० किलोमीटर दूर. पक्ष्याचं हाड माणसाच्या हाडापेक्षा लवकर जुळतं. दोन-तीन आठवड्यांत ते धरतं, आणि वाकडं धरलं तर वाकडंच राहतं. पहिले दोन दिवस वाया गेले की पुढचा सगळा खर्च आणि मेहनत एका न उडणाऱ्या पक्ष्यावर होते. म्हणून बेंबळीसारख्या गावात शिकारी पक्ष्यांसाठी पुनर्वसन आणि शिक्षणाचं केंद्र असावं, असं मला मनापासून वाटतं. ते कसं असावं याचा विचार या लेखात केला आहे.

कायदा आणि आधीची कामं

आराखड्याचं पहिलं पान परवानगीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्याच्या ३९व्या कलमाप्रमाणं असा वन्य प्राणी ही सरकारी मालमत्ता ठरते. तो हाती आला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बेंबळीला पोलीस ठाणं आहे, ही चांगली सोय. पण घरामागं पिंजरा बांधून शिक्रा बरा करू, असा उत्साह कितीही निर्मळ असला तरी कायद्यात तो गुन्ह्यात मोडतो. या कायद्यातल्या प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत बचाव केंद्रंही येतात, पण लोकांना दाखवण्याची जागा म्हणून येत नाहीत. याचा अर्थ पुढं महत्त्वाचा ठरणार आहे.

महाराष्ट्रात वाट पडलेली आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर २०१५ साली वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर सुरू झालं. जखमी प्राणी आणायचा, बरा करायचा, मूळ जागी सोडायचा, एवढंच त्याचं काम. कुंदन हाते यांचं नाव त्या उभारणीशी जोडलेलं आहे. पुण्यात बावधनला वनविभागाबरोबर नेहा पंचमिया यांची रेस्क्यू ही संस्था असंच केंद्र चालवते. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशननं घुबडांवर संशोधन आणि लोकशिक्षण दोन्ही केलं.

दिल्लीची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांना मांजानं कापलेली घार सापडली. चांदणी चौकातल्या जैन पक्षी रुग्णालयात मांसाहारी पक्षी ठेवून घेत नाहीत. मग त्यांनी वजीराबादेत घरातच घारींवर उपचार सुरू केले आणि पुढं हजारो पक्षी बरे करून सोडले. शौनक सेन यांचा २०२२ चा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे.

दिल्लीची ही अडचण बेंबळीलाही येणार. आमच्या गावांत माळकरी घरं पुष्कळ. उंदीर कापून घुबडाला भरवणं त्यांना जमणार नाही, आणि त्यांना ते करायला लावूही नये. खोकं आणणं, नोंदवही ठेवणं, शाळेत बोलणं ही कामं त्यांनी करावीत. भरवणारे हात वेगळे असावेत. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट झालेलं बरं. नाहीतर कोण भरवणार यावरून वाद होतात आणि पक्षी उपाशी राहतो.

पिंजरा आणि उंदीर

देणगीदाराला इमारत दाखवता येते, म्हणून अशा योजनांत पैसा आधी इमारतीत जातो. बेंबळीत मोठं रुग्णालय बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. क्ष-किरण, भूल आणि हाडात तार घालण्याची शस्त्रक्रिया यांसाठी उदगीरच्या किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी करार करावा. तिथल्या विद्यार्थ्यांनाही पक्ष्यांचा हात बसेल. बेंबळीत लागते ती प्रथमोपचाराची एक स्वच्छ खोली, वजनकाटा, सलाइन टोचणारा प्रशिक्षित माणूस, एकेका पक्ष्यासाठी छोट्या अंधाऱ्या खोल्या आणि उडण्याचा सराव करायला लांब पिंजरा.

या लांब पिंजऱ्यावर सगळं अवलंबून आहे. हाड जुळलं म्हणजे पक्षी बरा झाला असं होत नाही. महिनाभर बसून राहिलेल्या घारीचे छातीचे स्नायू आटलेले असतात. तिला तशीच सोडली तर शिकार न मिळून आठवड्याभरात ती संपते, आणि आपण मात्र सोडतानाचा फोटो काढून समाधानानं घरी येतो. घारीएवढ्या पक्ष्याला ५० फूट लांबीचा पिंजरा लागतो. गरुडाला १०० फूट, तोही २० फूट रुंद. जाळी लोखंडी चालत नाही. घाबरलेला पक्षी तिच्यावर आपटतो, पिसं तुटतात, आणि तुटलेलं पीस पुढच्या पिसं गळण्याच्या हंगामापर्यंत नव्यानं येत नाही. म्हणून भिंती उभ्या पट्ट्यांच्या करतात, लाकडाच्या किंवा बांबूच्या, मधली फट पक्ष्याचं डोकं जाणार नाही एवढी. बसायच्या दांड्यांना काथ्या गुंडाळायचा आणि दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेवायच्या. गुळगुळीत दांडीवर दिवसचे दिवस बसून तळपाय सुजतात, पिकतात, आणि पायाचा तो आजार पंखाच्या मोडीपेक्षा चिवट असतो. घुबडं आणि दिवसा शिकार करणारे पक्षी एकमेकांना दिसता कामा नयेत. शिक्र्याला समोर शृंगी घुबड दिसत राहिलं तर तो अन्नाला तोंड लावत नाही.

मग आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली पक्षी भाजून निघेल. छप्पर गवताचं, त्यावर ओलं बारदान, पश्चिमेला कडुलिंबाची रांग. ही झाडं पिंजऱ्याच्या दोन-तीन वर्षं आधी लावलेली असली तर उत्तम. पाण्याचा टँकर कुठल्या महिन्यापासून लागेल हेही आराखड्यात असावं. दुष्काळात गावाला पाणी नसताना केंद्राच्या हौदात पाणी दिसलं, तर केंद्र गावाच्या मनातून उतरेल. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी म्हणूनच पिंजऱ्याच्याही आधी.

आणि अन्न. नुसतं मांस भरवून वाढवलेल्या पिल्लाची हाडं वाकतात, कारण मांसात कॅल्शियम अगदी कमी. निसर्गात हा पक्षी भक्ष्य हाडा-केसांसकट खातो आणि न पचलेला भाग गोळी करून तोंडावाटे टाकतो. त्यामुळं अख्खा उंदीर किंवा हॅचरीत नको असलेली कोंबडीची एक दिवसाची नर पिल्लं द्यावी लागतात. शेतकरी प्रेमानं मेलेले उंदीर आणून देतील, ते मात्र कधीही घ्यायचे नाहीत. शेतातला उंदीर बहुतेक औषध खाऊन मेलेला असतो आणि ते औषध घुबडाच्या पोटात उतरतं. केंद्राला स्वतःचं उंदीरघर हवं, फ्रीजर हवा आणि वीज जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. महिन्याच्या खर्चातला मोठा वाटा इथंच जाईल. बांधकामाला देणगी मिळते, उंदरांच्या दाण्याला मिळत नाही. ज्यांना केंद्र काढायचं आहे त्यांनी तीन वर्षांच्या दाण्याचे पैसे बाजूला काढल्याशिवाय कुदळ मारू नये.

पिल्लांचं काम सगळ्यात नाजूक. फेब्रुवारीपासून पिंगळ्यांची आणि घारींची पिल्लं खाली पडलेली सापडू लागतात. त्यांतली पुष्कळशी धडधाकट असतात आणि त्यांना केंद्रात आणायचंच नसतं. घरटं सापडलं तर त्यात परत ठेवायचं, मोडलं असेल तर त्याच झाडावर टोपली बांधून तीत ठेवायचं. आई-बाप परत येतात. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून ती पिल्लं टाकतात ही समजूत खोटी आहे. माणसानं भरवून वाढवलेलं घुबडाचं पिल्लू मात्र माणसालाच आपली जात समजू लागतं. ते सोडल्यावर माणसाच्या अंगावर येऊन बसतं, आणि घुबड अंगावर आलं म्हणून दगड खाऊन मरतं. केंद्रात ठेवावंच लागलं, तर भरवणाऱ्याचा चेहरा दिसणार नाही असं कापड, बोलायचं नाही, आणि जवळ त्याच जातीचं मोठं पाखरू.

हे सगळं नीट केलं तरी आलेला प्रत्येक पक्षी उडणार नाही. जगभरच्या अनुभवी केंद्रांतूनही निम्म्याच्या आसपासच परत जातात. कोपरापाशी जळालेल्या पंखाची घार कधीच उडत नाही. तिला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवायचं की वेदनेतून सोडवायचं, हा निर्णय केंद्र एकट्यानं घेऊ शकत नाही. बरा न होणारा संरक्षित प्राणी संपवण्याची परवानगी कायद्यानं मुख्य वन्यजीव रक्षकाकडं ठेवली आहे. या निर्णयासाठी डॉक्टर, वनाधिकारी आणि पक्षी रोज भरवणारा माणूस यांची समिती पहिल्या दिवशीच नेमावी. नाहीतर असे पक्षी साठत जातात, जागा भरते, आणि ज्याचा पंख जुळला असता त्या नव्या पक्ष्याला दार बंद होतं.

गिधाडांनी शिकवलेलं

भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्वदच्या दशकापासून दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. जगातलं कुठलंही रुग्णालय त्यांना वाचवू शकलं नसतं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचं आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ साली हे कारण उघड झालं. २००६ साली भारतानं या औषधाचा गुरांसाठीचा वापर बंद केला. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, तेव्हा २०१५ साली बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडलं, निमेसुलाइडवर २०२४ ची अखेर. हरियाणात पिंजोरला २००१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) विभू प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली गिधाडं जपली, वाढवली. तिथली दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं २०२४ च्या जानेवारीत ताडोबाला आली आणि काही महिन्यांनी मोकळी झाली. त्यांतलं एक हजारो किलोमीटर फिरून तमिळनाडूपर्यंत पोहोचलं आणि तिथं विजेच्या धक्क्यानं मेलं.

एवढ्या माणसांची एवढ्या वर्षांची मेहनत एका खांबावर संपते, ही गोष्ट बेंबळीच्या आराखड्याच्या मधोमध ठेवावी असं मला वाटतं. एका तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही. घारीचे किंवा गरुडाचे पंख मात्र एवढे रुंद असतात की बसताना-उठताना एकाच वेळी दोन तारांना, किंवा तारेला आणि लोखंडी आडव्या पट्टीला टेकतात. उपाय साधे आहेत. खांबाजवळच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण, तार पट्टीच्या खालून लोंबती घेणं, बसण्यासाठी वेगळी सुरक्षित दांडी. कोणत्या खांबावर ते करायचं हे कळण्यासाठी कोणीतरी पक्षी कुठं पडतात याची नोंद ठेवायला हवी. ती नोंद केंद्राखेरीज कोण ठेवणार? आमच्या जिल्ह्यात पवनचक्क्या वाढताहेत, त्यांच्याखालीही असंच चालत जाऊन बघावं लागेल.

शिकवायचं काय आणि कुणाला

परदेशात, उदाहरणार्थ १९७४ पासून चालणाऱ्या मिनेसोटाच्या रॅप्टर सेंटरमध्ये, उडू न शकणारा गरुड हातमोज्यावर बसवून मुलांना दाखवतात. आपल्या बचाव केंद्रात ते चालत नाही, आणि चालत नाही हे मला योग्य वाटतं. बऱ्या होणाऱ्या पक्ष्याला माणसांची जत्रा म्हणजे रोजची भीती. त्यामुळं शाळेच्या सहली आणि पिंजरे यांत अंतर हवं. शिक्षणाची खोली गावात असावी, पिंजरे गावाबाहेर. लांब पिंजऱ्यातला पक्षी बघायचा असेल तर कॅमेऱ्यातून पडद्यावर.

मग मुलांना काय दाखवायचं? गव्हाणी घुबडानं टाकलेली गोळी दाखवावी. जुन्या वाड्याच्या माळवदाखाली त्या सापडतात. गोळी उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, चिमट्यानं सोडवली की आतून उंदराच्या कवट्या निघतात, कधी एकीतूनच तीन-चार. ज्या मुलाच्या बापानं ज्वारीच्या कणग्या उंदरांनी पोखरलेल्या बघितल्या आहेत, त्याला पुढं काही सांगावं लागत नाही. पिंगोरीत इला फाउंडेशननं २०१८ पासून उलूक महोत्सव भरवला. मुलं घुबडाची चित्रं काढतात, मुखवटे करतात, आणि घुबड अशुभ मानणाऱ्या घरात घुबडाचा मुखवटा घालून परत जातात.

दिवाळीबद्दलही इथं लिहायलाच हवं. लक्ष्मीचं वाहन म्हणून ज्याला मान, त्याच घुबडाचा काही ठिकाणी लक्ष्मीपूजनाच्या सुमारास धनासाठी बळी दिला जातो. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं २०१० मध्ये या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला होता. आमच्याच जिल्ह्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. आवाजाच्या फटाक्यांनी दिवाळीच्या रात्री झाडांतून उठलेली घुबडं तारांवर, गाड्यांवर आपटतात. तेरखेड्याच्या कारागिरांचं पोट त्या धंद्यावर आहे, म्हणून त्यांना शत्रू मानून काही साधणार नाही. घुबडांच्या ढोलींची झाडं कोणती, एवढं गावानं ठरवावं आणि त्या झाडांखाली आवाजाचे फटाके लावू नयेत. असं गाव ठरवू शकतं. नागालँडमधल्या पांगतीत २०१२ साली हजारोंनी आमूर ससाणे मारले जात होते. गावानं आणि चर्चनं निर्णय घेतला, आणि पुढच्याच वर्षी ती शिकार थांबली.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या माळांवरचे पक्षी कुणी पिढ्यान्‌पिढ्या जवळून ओळखले असतील तर फासेपारध्यांनी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला, लोकांच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. पक्ष्याला इजा न करता धरणं, त्याची चाल ओळखणं, गवतातली भोवत्यांची झोपायची जागा शोधणं, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. अकोला-वाशीम भागात संवेदना या संस्थेनं तणमोरासाठी फासेपारध्यांना बरोबर घेऊन काम केलं. बेंबळीच्या केंद्रात पारधी तरुणांना पगारी नोकरी असावी, महिन्याच्या महिन्याला, नियुक्तीच्या पत्रासकट. फुकटची सेवा मागू नये.

शिक्षणाची भाषाही गावाची असावी. सोलापूरला जन्मलेले आणि २०२५ च्या जूनमध्ये गेलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशात पक्ष्यांची मराठी आणि लोकांतली नावं जमवली. फलकांवर तीच नावं यावीत, आणि खाली बेंबळीत कुणी वेगळं नाव सांगितलं तर तेही.

पहिलं वर्ष

सुरुवात जानेवारीत करावी. संक्रांतीच्या सुमारास मांजानं कापलेले पक्षी येतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. त्या आठवड्यात फक्त खोकी, टॉवेल आणि १९२६ हा नंबर प्रत्येक शाळेत पोहोचवावा. फेब्रुवारी ते मे पिल्लांचा काळ, त्यात परत झाडावर ठेवण्याचा सराव होईल. पावसाळ्यात लांब पिंजरा उभा करून गळती, वारा आणि चिखल बघून घ्यावा. नोव्हेंबरात भोवत्ये येतील तोवर उदगीरशी किंवा परभणीशी झालेला करार वापरून बघितलेला असावा.

नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून. पक्षी कोणता, सापडला कुणाच्या शेतात, किती वाजता, पोट रिकामं की भरलेलं, जखम कापल्याची की जळाल्याची. जळाल्याची असेल तर पुढचा रकाना खांबाच्या क्रमांकाचा. दर वर्षी पावसाळ्याआधी या रकान्याची प्रत महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यायची आणि पोहोच घ्यायची. पुढच्या जूनमध्ये तेच क्रमांक घेऊन परत जायचं आणि कोणत्या खांबांवर आवरण बसलं ते विचारायचं.